गिरमिट

आमच्या बारचं मेन्यूकार्ड दर चार महिन्यांनी बदलतं. गेल्या फेब्रुवारीत नव्या कार्डाचा कच्चा नमुना तपासायला माझ्याकडे आला. तिसऱ्या पानावर एका कॉकटेलखाली, बारीक तिरक्या अक्षरांत, माझ्या आईचं नाव होतं. रोहा तालुक्यातल्या खांब गावच्या अमुक अमुक यांच्या साखरेतल्या लिंबांवरून. शेजारी किंमत: ८५० रुपये, कर वेगळा.

चूक माझीच. हे लिंबाचं सुचलं कुठून, असं मॅनेजरने विचारलं आणि मी आनंदाच्या भरात सगळं सांगून बसले. हल्ली गिऱ्हाइकाला ग्लासाबरोबर गोष्ट लागते. गाव, आई, बरणी, ऊन असं काहीतरी. त्याने जे छापलं त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या गोष्टीतला एक माणूस गाळलेला होता. माझे वडील. ते दारूने गेले.

ज्या पेयावरून हे सगळं झालं त्याचं नाव गिम्लेट. जिनमधला 'ज' आणि गिम्लेटमधला 'ग' इंग्रजीत एकाच अक्षराने लिहितात, त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं 'जिमलेट' मागतात. मी दुरुस्त करत नाही. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात मीसुद्धा तेच म्हणाले होते. शिकवणारे सर म्हणाले, "ग म्हणा, ग. सुताराचं भोक पाडायचं हत्यार असतं बघा, त्याचं नाव आहे ते." आणि मी भर वर्गात ओरडले, "गिरमिट!"

बाकीच्यांना काही कळलं नाही. मला मात्र आमची पडवी दिसली. आम्ही सुतार. (कोलाडजवळ सुतारवाडी नावाचं गाव आहे, तिथल्या का तुम्ही, असं सगळे विचारतात. नाही, आम्ही खांबचे.) आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, हत्यारांच्या पेटीत रंधा, पटाशा, वाकस यांच्याबरोबर एक गिरमिट आहे. वीतभर लोखंडी दांडी, टोकाला मळसूत्र, वर आडवी लाकडी मूठ. स्क्रू थेट मारला तर लाकूड चिरतं, म्हणून आधी गिरमिटाने वाट करून घ्यायची. लहानपणी मी ते दोन्ही हातांनी जीव खाऊन दाबायचे. आबा म्हणायचे, "दाबू नको, बाय. एकदा टोक धरलं की ते आपलं आपण आत जातं. तू नुसतं फिरव."

मराठीतलं गिरमिट म्हणजे त्या इंग्रजी गिम्लेटचंच आपल्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेलं रूप. ॲग्रीमेंटचं गिरमिट वेगळं, ज्याच्यावर अंगठे उठवून माणसं फिजीला उसाच्या मळ्यांवर गेली. हुबळीला चुरमुऱ्यांच्या भेळेला गिरमिट म्हणतात, ते तिसरंच. पेयाला हे नाव कसं पडलं याच्या दोन गोष्टी सांगतात. एक, हे पेय गिरमिटासारखं भोक पाडत आत जातं म्हणून. दुसरी, ब्रिटिश नौदलात थॉमस गिम्लेट नावाचा डॉक्टर होता, १८७९मध्ये भरती झालेला, १९१३मध्ये निवृत्त; त्याने अधिकाऱ्यांच्या जिनमध्ये लिंबाचा रस घालायला सुरुवात केली. डॉक्टरची गोष्ट बारमध्ये सांगायला छान आहे, टीप मिळते. पण त्या डॉक्टरच्या हयातीतल्या कुठल्या कागदावर पेयाचा आणि त्याचा संबंध सापडत नाही. मी अर्थातच सुताराच्या बाजूने आहे.

लिंबाची गोष्ट मात्र पक्की आहे आणि जास्त मजेदार आहे. लांबच्या जहाजप्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या आणि माणसं मरायची. हा स्कर्व्ही. १७४७मध्ये जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने 'सॅलिसबरी' जहाजावर १२ आजारी खलाशी निवडले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी. संत्री आणि लिंबं मिळालेले दोघे आठवड्याच्या आत उठून कामाला लागले. इतकं स्पष्ट दिसूनही नौदलाने लिंबाचा रस सर्रास वाटायला १७९५ उजाडवलं. सरकारी फायली तेव्हाही सरकारीच होत्या.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नौदलाने भूमध्य समुद्राकडची मोठी पिवळी लिंबं सोडून वेस्ट इंडीजमधल्या आपल्याच वसाहतींतली लहान हिरवी लिंबं घ्यायला सुरुवात केली. ती म्हणजे साधारण आपली कागदी लिंबं. स्कर्व्हीवर त्यांचा रस पिवळ्या लिंबाच्या मानाने बराच कमजोर, हे फार उशिरा कळलं. तोवर ब्रिटिश खलाशाला 'लाइमी' हे टोपणनाव कायमचं चिकटलं होतं.

रस टिकवायचा तर त्यात दारू घालत. १८६७मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरातल्या लॉकलन रोझ या माणसाने दारूऐवजी साखर वापरून रस टिकवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी व्यापारी जहाजांवर लिंबाचा रस देणं ब्रिटिश कायद्याने सक्तीचं झालं. रोझचं नशीब फळफळलं. बाटलीतल्या या गोड रसाला कॉर्डियल म्हणतात. आता बघा: या माणसाने रसातून दारू काढून टाकली आणि नौदलातल्या साहेबांनी ती परत घातली. साध्या खलाशाला रम मिळायची, अधिकारी जिन प्यायचे. हॅरी मॅकेलहोन या प्रसिद्ध बारवाल्याच्या १९२२च्या पुस्तकात गिम्लेटची कृती आहे: अर्धी प्लायमाउथ जिन, अर्धं रोझचं लाइम कॉर्डियल. १९३०च्या 'सॅव्हॉय कॉकटेल बुक'मध्येही हेच प्रमाण. १९५३मध्ये रेमंड चँडलरने 'द लाँग गुडबाय'मध्ये आपल्या डिटेक्टिव्हला आणि त्याच्या मित्राला गिम्लेट प्यायला बसवलं आणि पेय कायमचं अमर झालं. आपल्याकडच्या जुन्या बारमध्ये हीच जोडी 'जिन-लाइम' म्हणून मिळते आणि तिला बायकांचं ड्रिंक समजतात. नौदलातले ते मिशीवाले साहेब ऐकायला हवे होते.

एवढा सगळा इतिहास पाठ असूनही माझं गिम्लेट चांगलं होत नव्हतं. बाटलीतलं कॉर्डियल घातलं की चोखायच्या गोळीची चव यायची. ताजा रस आणि साखरेचा पाक घातला की चव चांगली, पण ते मग जिन घातलेलं लिंबूसरबत. गिम्लेटमध्ये ताज्या लिंबाचा नाही, मुरलेल्या लिंबाचा वास लागतो. किंचित कडसर, सालीचा. रस उकळून बघितला, शिजलेल्या भाजीसारखा लागला. एके रात्री भाड्याच्या खोलीवर दहीभाताबरोबर आईने दिलेलं साखरेतलं लिंबाचं लोणचं खात होते. बरणीच्या तळाशी जो दाट पाक उरतो, त्यात बोट बुडवून चाटलं आणि तशीच बसून राहिले.

आई ते असं करते: लिंबं धुऊन, पुसून, पंख्याखाली पार कोरडी करायची. फोडी करून बिया काढायच्या. थोडं मीठ, फोडींच्या वजनाच्या दीडपट साखर, चिनीमातीच्या बरणीत थर. तोंडाला दादरा बांधून उन्हात. रोज एकदा हलवायचं, चमचा घालायचा नाही. साखर पाणी ओढते, सालीतलं तेल ओढते, आणि महिना-दीड महिन्यात साल काचेसारखी होते. गॅस पेटवायचा नाही, पेटंट घ्यायचं नाही. माझी पणजी हे करायची, तिने लीथचं नाव ऐकलेलं नव्हतं.

बारमध्ये दीड महिना थांबता येत नाही, म्हणून मी त्याचं छोटं रूप केलं. साधारण २५ कागदी लिंबं. फक्त हिरवा पापुद्रा बारीक किसणीवर किसायचा. पांढऱ्यापर्यंत गेलात की कडू. कागदी लिंबाची साल नावाप्रमाणे पातळ, त्यामुळे हात हलका हवा. तो कीस ४०० ग्रॅम साखरेत बोटांनी चोळून झाकून ठेवायचा. चार-पाच तासांत साखर ओली, हिरवट होते. मग त्याच लिंबांचा रस, साधारण ४०० मिली, चिमूटभर मीठ, साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, गाळायचं, फ्रीजमध्ये. आठ-दहा दिवस उत्तम. मग ६० मिली जिन, ३० मिली कॉर्डियल, शेकर बर्फाने काठोकाठ भरायचा आणि बारा आकडे मोजेपर्यंत जोरात हलवायचं. नवखे लोक पेय पातळ होईल म्हणून बर्फ कमी घालतात. उलट आहे. थोडा बर्फ भराभर वितळतो, भरपूर बर्फ एकमेकांना थंड ठेवतो. तरीही ग्लासात जे पडतं त्यात पाव भाग पाणी असतं, आणि ते असायलाच हवं. जिन साधी, जुनिपरचा वास पुढे असलेली घ्या. (महाराष्ट्रात जिनसाठी वय २५ आणि हातात परवाना लागतो. कुणी विचारतं का, ते मला विचारू नका.)

हे गिम्लेट पहिल्याच घोटात जमलं. मला इतका आनंद झाला की आई आठवली आणि वडील आठवले नाहीत. हे मी लिहून ठेवतेय कारण ते खरं आहे.

वडिलांना सुतारकाम येत होतं, पण तयार फर्निचर आलं आणि कामं आटली. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेलपासून इंदापूरपर्यंतचं चौपदरीकरण २०११मध्ये सुरू झालं तेव्हा ते एका ठेकेदाराकडे डंपरवर लागले. हातात रोज पैसा. पैसा असला की महामार्गावरचं परमिट रूम, नसला की गावठी. परमिट रूम हा शब्द मी इतक्या लहानपणी शिकले की त्यात परमिट म्हणजे परवाना आहे, हे मला बारमध्ये लागल्यावर कळलं. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याची ती आठवण आहे: दारूबंदी, आणि ज्याच्याकडे परवाना त्याच्यासाठी एक खोली. वडिलांकडे कधीच परवाना नव्हता. शेवटी पोटात पाणी झालं. २०१४च्या पावसाळ्यात गेले, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते आणि मी सोळाची.

महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६मध्ये दिला. १ एप्रिल २०१७पासून आमच्या पट्ट्यातली शटर्स खाली आली. आई टीव्हीवर बातमी बघत होती. "तीन वर्षं उशीर केला," म्हणाली आणि भाकऱ्या थापायला उठली. पुढे काही महिन्यांत सवलती निघाल्या, बरीच शटर्स वर गेली. त्यावर ती काहीच बोलली नाही. मी तेव्हा हॉटेल मॅनेजमेंटला होते. नोकरी लागल्यावर मी 'हॉटेलात आहे' म्हणाले. तिने 'कुठल्या खात्यात' असं विचारलं नाही, आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. रात्री अडीचला सुटणारं दुसरं कुठलं खातं असतं?

कॉकटेलचा इतिहास वाचता वाचता मी एकदा आपल्या बाजूचं वाचायला गेले. आबा सांगायचे, वाडीवरची कातकरी मंडळी मोहाची फुलं वेचायची, वाळवायची, खायची आणि त्यांची दारूही काढायची. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१चं. १८७८च्या अबकारी कायद्याने दारू गाळणं सरकारच्या आणि ठेकेदारांच्या मुठीत आलं. उरणला मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या, त्यांचा माल मुंबईत जायचा. एवढ्यावरही लोक घरी गाळतातच, म्हणून १८९२मध्ये ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा झाला. म्हणजे दारू राहू द्या, झाडाखाली पडलेलं फूल वेचून घरात ठेवलं तरी गुन्हा. त्याच सुमाराला नौदलातले साहेब जिनमध्ये लिंबू घालून पीत होते. त्यांच्या पेयाची कृती पुस्तकात गेली, आमच्याकडचं पेय पंचनाम्यात.

हे वाचून मला राग आला आणि तो राग मला आवडायला लागला, म्हणून सांभाळून लिहिते. वडील जी गावठी प्यायचे ती मोहाची नव्हती. काळा गूळ, नवसागर आणि आणखी काय काय घातलेली हातभट्टीची होती, प्लास्टिकच्या फुग्यातून यायची. आणि ती अस्सल मोहाची असती, चांगल्या ग्लासातून, खाली नाव छापून आली असती, तरी ते ४४व्या वर्षीच गेले असते. माझ्या बारमध्ये ८५० रुपयांचं गिम्लेट चौथ्यांदा मागणारा माणूस माझ्याकडे ज्या नजरेने बघतो, ती नजर मी घरात पाहिलेली आहे. तिसऱ्यानंतर मी त्याच्यासमोर न मागता पाण्याचा ग्लास ठेवते आणि बिल लवकर करते. मॅनेजरला हे आवडत नाही. मी नोकरी मात्र सोडलेली नाही. माझ्या पगारावर आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पडवीचे पत्रे बदलले. हिशेब मांडायला बसलं की तो जुळत नाही, म्हणून मी बसत नाही.

तर तो नमुना. फोनवर विचारण्यासारखी गोष्ट नव्हती. सोमवारी सुट्टी असते. दिव्याहून रोह्याची गाडी धरली, नागोठण्याला उतरले, पुढे मिनिडोअर. बॅगेत कॉर्डियलची छोटी बाटली, जिन नाही.

जेवणं झाल्यावर आईला फोनवर कार्ड दाखवलं. तिने चष्मा लावला, दोन बोटांनी अक्षरं मोठी केली, आणि मी बघतेय हे बघून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"साडेआठशे एका ग्लासाचे?"

"हो."

"आणि लिंबं किती जातात?"

"दीड-दोन."

ती हसली. मला वाटलं, झालं, सुटलो. मग तिने फोन माझ्या हातात दिला. "माझं नाव काढ त्यातनं."

मी म्हणाले, आई, हे कौतुक आहे, लोक वाचतील, तुझ्या हातची गोष्ट आहे ती. बरंच काही बोलले. सगळं मॅनेजरचं बोलणं माझ्या तोंडून येत होतं, ते माझ्याच कानांना कळत होतं.

"अगं, उद्या कुणाच्या बायकोच्या हातात पडला हा कागद, तर ती मला काय म्हणेल?" आई म्हणाली. "मी त्या जागेवर बसलेय. तुला पाहिजे तर लिंबाचं कर, शिकवते. नाव नको."

आबा खाटेवरून ऐकत होते. माळकरी माणूस, आयुष्यात थेंब घेतला नाही. म्हणाले, "आणि ते गिरमिट कशाला लिहिलंय?"

मी सांगितलं. सुताराच्या हत्याराचं नाव दारूला, हे ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "राहू दे. ते नाव काय माझ्या बापाचं नाही, साहेबाचंच आहे." आणि जरा वेळाने, "प्रमाण काय घेतेस?"

"दोन भाग ते, एक भाग हे."

"हां. म्हणजे सिमेंटपेक्षा कडक."

कॉर्डियल मात्र आईने चाखलं. चमच्यात घेतलं, जिभेवर फिरवलं, डोळे मिटले. लोणचं चाखताना तिचा चेहरा असतो तस्साच.

"घाई केलीस. साल कच्ची लागते. रस कधी घातलास?"

"चार तासांनी."

"रात्रभर राहू दे. आधी साखरेला तिचं काम करू दे, मग रस."

मंगळवारी मॅनेजरशी वाद झाला. तो म्हणाला, गोष्टीशिवाय हे नुसतं गिम्लेट आहे. मी म्हणाले, आहेच नुसतं गिम्लेट. शेवटी कार्डावर एवढंच छापलं: गिरमिट. जिन, मुरवलेलं लिंबू. किंमत तीच. चांगलं खपतं. 'हे गिरमिट म्हणजे काय' असं कुणी विचारलं तर मी मुठीची खूण करून हवेत फिरवून दाखवते.

कीस आता रात्रभर ठेवते. तिचं बरोबर होतं.

निघताना आईने नव्या लोणच्याची बरणी दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून. मिनिडोअरमध्ये बसल्यावर खिडकीशी येऊन म्हणाली, "ही खोलीवर खायची. तिकडे न्यायची नाही."

बरणी खोलीवरच्या फ्रीजवर आहे. दोन फोडी उरल्यात आणि तळाचा पाक.